वीस मिनिटांचा करंट

पहिल्या दिवशी फिजिओथेरपीच्या बाईनं मला दोन प्रश्न विचारले. किती दुखतं ते शून्य ते दहामध्ये सांगा, हा एक. आणि बरं वाटायला लागलं की तुम्हाला काय करता यायला हवं, हा दुसरा. मुलगा शेजारच्या खुर्चीत बसून मला मराठीत सांगत होता. पहिल्या प्रश्नाला मी म्हणाले, "तिला सांग, कंबर कुणीतरी खलबत्त्यात घालून कुटतंय." तो तिला म्हणाला, "सिक्स." एवढे इंग्रजी आकडे मला नातीनं शिकवले आहेत.

दुसऱ्या प्रश्नाला मला विचार करावा लागला नाही. मी म्हणाले, "मला जमिनीवर बसता आलं पाहिजे आणि कशाला न धरता एकटीला उठता आलं पाहिजे. ते आलं की मी माझ्या घरी जाईन." मुलगा तिच्याशी थोडा वेळ बोलला. तिनं मान डोलावली, कॉम्प्युटरमध्ये काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे बघून हसली. मला वाटलं, बाईला समजलं.

माझं घर सिन्नरला आहे. दोन खोल्या, मागे मोरी, पुढे ओटा. घरात पलंग नाही, टेबल नाही. एक खुर्ची होती, ती पाहुण्यांसाठी. पन्नास वर्षं मी त्या घरात जमिनीवर बसून विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, एका बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं. चौथीनंतर शाळा सोडली ती विड्या वळायलाच. त्यावर मुलगा शिकला, इंजिनियर झाला आणि इकडे अमेरिकेत चँडलरला आला. इथे तो चिपा बनवायच्या कारखान्यात आहे. मलाही ये म्हणायचा. मी तिथं एकटी बरी होते, खोटं कशाला सांगू.

तीन वर्षांपूर्वी एक दिवस सकाळी पानं कापून झाल्यावर उठायला गेले आणि कंबरेत उसण भरली. खाली पडले ती पडलेच. कूस बदलता येईना. दाराला आतून कडी. ओरडले, पण पुढे रस्त्याचं काम चालू होतं, कुणाला ऐकू गेलं नाही. गुळाच्या डब्याकडे मुंग्यांची रांग लागली होती, ती माझ्या हातावरून जायची. मी हात हलवला की पांगायची आणि पुन्हा जुळायची. कपडे खराब झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं तरी मी बाहेर आले नाही म्हणून शेजारीण हाका मारत आली. आम्ही दोघींनी तीस वर्षं शेजारी शेजारी बसून विड्या वळल्या होत्या. तिनं गल्लीतल्या माणसांना बोलावून कडी तोडली. मुलगा आठवड्यात आला आणि मला घेऊन इकडे आला. चार महिन्यांसाठी म्हणून आले होते. त्याला आता तीन वर्षं होतील.

इथल्या डॉक्टरनं फोटो काढले. मणक्यांमधल्या गाद्या झिजल्या आहेत, ऑपरेशन करण्यासारखं काही नाही, करंट आणि व्यायाम दोन्ही एकत्र घ्या, म्हणाला. बारा वेळा जायचं ठरलं. त्याच्या पुढं जायचं असेल तर विमा कंपनीची पुन्हा मंजुरी लागते, असं मुलगा म्हणाला.

ती जागा दुकानांच्या रांगेत होती. एका बाजूला दातांचा डॉक्टर आणि दुसऱ्या बाजूला कुत्र्यांचे केस कापायचं दुकान. आत उंच पलंग, रबरी दोऱ्या, मोठे चेंडू. माझ्यासारखे म्हातारे गोरे लोक चेंडूवर बसून हलत होते. बाई माझ्या मुलीच्या वयाची असेल, मला मुलगी असती तर. केस पिकलेले, रंगवत नव्हती. तिनं मला पालथं झोपवलं, कंबरेवर गरम पिशवी ठेवली, मग मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन चिकट पट्ट्या लावल्या. पट्ट्यांना वायरी, वायरी मशीनला. तिनं बटण फिरवलं आणि माझ्या कंबरेवर मुंग्या चालायला लागल्या. मी घाबरून उठायला लागले. मुलानं खांदा दाबून धरला. म्हणाला, "काही नाही आई, करंट आहे. छोटा."

मला त्या मुंग्या ओळखीच्या होत्या, पण ते त्याला सांगितलं नाही.

वीस मिनिटांनी मशीन आपोआप बंद झालं. मी उठून बसले आणि कंबर जागेवर आहे की नाही ते हात लावून पाहिलं. ठणका नव्हता. तीन वर्षांत पहिल्यांदा नव्हता. मी मुलाला म्हणाले, "झालं. चल घरी." बाईनं मला जाऊ दिलं नाही. आता व्यायाम, म्हणाली.

व्यायाम म्हणजे ज्यांना काम नाही त्यांचा उद्योग, अशी माझी समजूत होती. आम्ही पाणी ओढलं, धुणं आपटलं, दळण वाहिलं, आम्हाला कुणी व्यायाम सांगितला नाही. त्यामुळे तिनं घरी वापरायला छोटं मशीन दिलं तेव्हा मी तेवढंच घेतलं. दिवसातून तीन तीनदा लावायची. व्यायामाचा कागद सुनेनं फ्रिजवर लावला होता, तो तिथंच राहिला. तीन आठवड्यांनी बाईनं आकडा विचारला. मी सिक्सच म्हणाले. मशीन चालू असेपर्यंत ठणका नसायचा, पुढे तासभर बरं वाटायचं आणि मग होतं तसं.

बाकीच्या चुकाही माझ्याच. जायच्या दिवशी मी सकाळी कंबरेला निर्गुडीचं तेल चोळून जायची. दुखऱ्या अंगाला हात लावून घ्यायचा तर कोरडं कसं जायचं? पट्ट्या चिकटेनात. बाईनं तीनदा बदलल्या. तिला वाटलं पट्ट्या खराब निघाल्या. अंगाला काही लावता का म्हणून तिनं खुणेनं विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली, कारण ती क्रीमच्या बाटलीकडे बोट दाखवत होती आणि क्रीम मी कधी लावलं नाही. शेवटी तिनं कापसानं कंबर पुसली. कापूस हिरवा झाला. तिनं वास घेतला आणि खोकत खोकत हसली. घरच्या पट्ट्या मी साबण लावून ब्रशनं घासल्या आणि मागच्या भिंतीवर उन्हात वाळत घातल्या. इथलं ऊन म्हणजे तवा. तासाभरात पट्ट्यांचे पापड झाले. सून म्हणाली, "अहो आई, त्या धुवायच्या नसतात, टाकून द्यायच्या असतात." चांगली वस्तू टाकायची कशी, हे मला अजून जमत नाही.

मग बाईनं मुलाला मुद्दाम बोलावून घेतलं आणि सगळं समजावून सांगितलं. करंटनं काही दुरुस्त होत नाही. दुखणं तेवढा वेळ गप्प बसतं. ते गप्प आहे तोवर व्यायाम करायचा, म्हणजे मणक्याच्या आजूबाजूचं मांस घट्ट होतं आणि हळूहळू तेच मणका धरून ठेवतं. नुसता करंट घेऊन पडून राहिलात तर काही हाती लागायचं नाही.

हे मला लगेच पटलं. तेंदूचं पान कोरडं वळायला घेतलं तर तडकतं, म्हणून भिजवावं लागतं. पण भिजवलं म्हणजे विडी झाली असं नाही. वळावी आपल्यालाच लागते, आणि पान ओलं आहे तोवर वळावी लागते. मी मुलाला म्हणाले, "एवढंच होतं तर आधी सांगायचं." दुसऱ्या दिवसापासून मी एक दिवस चुकवला नाही. सकाळी वीस मिनिटं करंट आणि लगेच व्यायाम. पाठीवर झोपून गुडघे मोडायचे आणि कुल्ले वर उचलायचे. रांगत्या पोरासारखं चार पायांवर राहायचं, एक हात पुढे लांब करायचा आणि विरुद्ध पाय मागे. खुर्चीतून हात न लावता उठायचं, बसायचं. दहा दहा वेळा. मी पंचवीस पंचवीस वेळा करायची. विड्यांचा कट्टा पंचवीसचा, माझी मोजणी तिथेच थांबते.

आकडा सिक्सचा फाइव्ह झाला, मग फोर, मग थ्री. बाईनं मला चालत्या पट्ट्यावर चढवलं. जिथं होते तिथंच राहून मी अर्धा मैल चालले. पण सगळं उंचावर. पलंग उंच, खुर्ची उंच. चार पायांवरचा व्यायामसुद्धा पलंगावर. मी मुलाला विचारलं, जमिनीवरचं कधी घेणार? तो म्हणाला, "शेवटी घेतात आई. पायरी पायरीनं." आणखी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तेच. मी मनात घराची उजळणी करायला लागले. ओट्याचा एक दगड हलतो, तो बसवून घ्यायचा. कडी नवीन.

बाराव्या दिवशी नेहमीची बाई रजेवर होती. तिच्या जागी दुसरी आली, तिशीतली, सावळी, केस मागे बांधलेले. सून मला सोडून गेली होती. त्या मुलीनं कागदावर नाव वाचलं आणि म्हणाली, "आजी, तुम्ही मराठी? माझी आई नागपूरची आहे. मी इथेच जन्मले." तिचं मराठी दुसरीतल्या पोरीसारखं होतं, पण समजत होतं. तीन वर्षांत पहिल्यांदा मी डॉक्टरकीच्या जागी स्वतःच्या तोंडानं बोलले. पट्ट्या लावता लावता ती कॉम्प्युटर वाचत होती.

"आजी, काँग्रॅच्युलेशन्स. तुमचा गोल पूर्ण झाला."

"कुठला?"

"तुम्ही फर्स्ट डेला सांगितला होता ना. नातीबरोबर पार्कमध्ये वीस मिनिटं चालायचं."

मी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. तिनं बोट ठेवून वाचलं. तेच.

"आणि जमिनीचं?"

"जमिनीचं काय?"

"खाली बसायचं आणि एकटीनं उठायचं. कशाला न धरता."

तिनं वर खाली बराच वेळ शोधलं. म्हणाली, "इथे तसं काहीच नाहीये, आजी."

मी म्हणाले, "हे मी सांगितलं नव्हतं." कुणी सांगितलं मग, असं तिनं विचारलं नाही. तिच्या घरीही एखादी म्हातारी असणार. तिनं पट्ट्या काढल्या, जाड चटई जमिनीवर टाकली आणि उरलेला सगळा वेळ मला उठायला शिकवलं. कुशीवर वळायचं, हातावर जोर देऊन चार पायांवर यायचं, एक पाय पुढे टेकवायचा, त्या गुडघ्यावर दोन्ही हात, आणि वर. दोनदा करून पाहिलं, दोन्ही वेळा मला तिच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. कागदावर तिनं काड्यांची माणसं काढून दिली. म्हणाली, हे पहिल्यापासून करायला हवं होतं, आता व्हिजिट संपल्या, मी आणखी मिळतात का बघते. दोन आठवड्यांनी उत्तर आलं. मिळणार नाहीत. पेशंटनं ठरवलेलं पूर्ण झालेलं आहे.

पण ते उत्तर यायच्या आधीच, त्या बाराव्या दिवशी संध्याकाळी मुलगा जेवायला बसल्यावर मी विचारलं. वेळ घालवला नाही. "तिला काय सांगितलंस तू पहिल्या दिवशी?"

त्याला लगेच कळलं. त्यानं घास खाली ठेवला. म्हणाला, "तुला तिथं उठता यायला लागलं की तू जाणार."

"जाणारच."

"म्हणून."

सून ओट्यापाशी पाठ करून उभी होती. तिला माहीत होतं की नव्हतं, ते मी अजून विचारलेलं नाही. नात ताटात बघत होती.

तो म्हणाला, मी एक दिवस आणि एक रात्र पडून होते आणि तेवढा सगळा वेळ तो इथे ऑफिसला गेला, घरी आला, जेवला, झोपला. त्याला काही माहीत नव्हतं. शेजारणीचा फोन आला तेव्हा तो मीटिंगमध्ये होता आणि त्यानं आधी दोनदा कापला होता. "तसा फोन मला परत नकोय, आई."

"तुला फोन नको म्हणून माझी कंबर अर्धीच बरी करायची?"

त्यानं ताट बाजूला सारलं. सून म्हणाली, "त्यांना एकदा उठून तर दाखवू दे. बघायला काय हरकत आहे?" तो म्हणाला, ठीक आहे. दिवाळीपर्यंत वेळ घे. कशाला न धरता, कुणाला न धरता उठून दाखव. मी तिकीट काढतो.

दीड महिना होता. सगळे घराबाहेर पडले की मी मशीन कमरेला खोचून सुरू करायची, वीस मिनिटं थांबायची आणि काड्यांची माणसं समोर ठेवून जमिनीवर उतरायची. आधी सोफ्याला धरून. मग एका हातानं. मग नुसती बोटं लावून. कंबरेचा आकडा थ्रीवरून पुन्हा फाइव्हवर गेला, ते मी कुणाला सांगितलं नाही. गुडघेही बोलायला लागले. पन्नास वर्षं मी रोज वीसदा उठले बसले असेन, कधी लक्षसुद्धा गेलं नाही त्याकडे. आता त्याच एका गोष्टीसाठी आदल्या दिवसापासून मन घट्ट करावं लागत होतं.

दिवाळीला दहा दिवस राहिले तेव्हा मी ठरवलं की आज सोफ्यापासून लांब. परीक्षेला सोफा नसणार. करंट नेहमीपेक्षा वाढवला, कंबर पार बधिर झाली, आणि तो चालू असतानाच खोलीच्या मधोमध फरशीवर बसले. साडेअकरा वाजले होते. चार पायांवर आले. एक पाय पुढे घेतला. हात गुडघ्यावर ठेवून जोर लावला आणि मांडीत गोळा आला. कुशीवर पडले. हाड मोडलं नाही. पण त्यानंतर मला कुशीवरून पालथं होता येईना. करंट कंबरेवर चालूच होता. थोड्या वेळानं मशीननं शिट्टी दिली आणि बंद झालं. मग खरं दुखणं आलं.

फोन स्वयंपाकघरात ओट्यावर. मी ओरडले नाही. इथल्या घरांच्या भिंतीतून आवाज जात नाही आणि गेला तरी कुणी येत नाही. फरशी गार होती. एसी मधूनमधून सुरू व्हायचा आणि थांबायचा. एक वाजता फरशी झाडायचं ते गोल यंत्र आपल्या जागेवरून सुटलं. ते रोज त्याच वेळेला सुटतं. माझ्या पायाला तीन-चारदा धडकलं, वळलं आणि माझ्याभोवतीची फरशी झाडून परत जागेवर जाऊन बसलं. मला हसू आलं असेल तर ते तेवढंच. दोन वाजायच्या सुमाराला कपडे खराब झाले. तेव्हा मी रडले. पडले म्हणून नाही. त्या घरातही हे झालं होतं आणि या घरातही झालं म्हणून.

नात बसमधून तीन चाळीसला येते. गॅरेजचा नंबर दाबून आत आली. मला बघून म्हणाली, "आज्जी, आर यू एक्सरसाइझिंग?"

"नाही. अडकले."

"स्टक?"

"हो. स्टक."

तिनं दप्तर टाकलं. ती नऊ वर्षांची आहे, मला उचलू शकणार नाही हे तिला माझ्याआधी कळलं. तिनं आधी मला पालथं व्हायला कुशीला टेकू दिला. मग जेवणाची खुर्ची ढकलत आणली, माझ्या डोक्यापाशी लावली आणि मागून दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मी चार पायांवर आले, खुर्ची धरली, एक पाय, मग दुसरा. दहा मिनिटं लागली असतील. उभी राहिले तेव्हा खालची फरशी ओली होती. ती कागदी रुमालांची अख्खी गुंडाळी घेऊन आली आणि पुसायला लागली. मी म्हणाले, राहू दे, मी पुसते. ती म्हणाली, "यू कान्ट." खरं होतं.

मग म्हणाली, बाबाला सांगू का? मी म्हणाले नको. ती म्हणाली, ओके.

दिवाळीच्या आदल्या रविवारी मी सगळ्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. पट्ट्या चोळीखाली लावलेल्या होत्या, मशीन पदराखाली खोचलेलं, करंट शेवटच्या टोकाला. मशीन नको असं त्यानं म्हटलं नव्हतं. मी मधोमध बसले. कुशीवर वळले, चार पायांवर आले, पाय पुढे घेतला, गुडघ्यावर हात ठेवले आणि उठले. एका दमात. स्वतःच थक्क झाले. मुलगा दोन्ही हात पुढे करून अर्धा वाकून उभा होता, ते हात त्यानं हळूच खिशात घातले. सुनेनं एकदा टाळी वाजवली आणि थांबली. मुलगा म्हणाला, "बरं. कधीचं काढू?" शब्दाला तो पक्का आहे. ती एक वेळ सोडली तर.

नात माझ्याकडे बघत होती. मी नको म्हटलं होतं म्हणून ती गप्प होती, आणि तिच्या डोळ्यांत ती खुर्ची मला दिसत होती.

मी म्हणाले, बघू, आणि माझ्या खोलीत जाऊन पडले. पट्ट्या काढायच्या आतच मशीननं शिट्टी दिली. कंबर सुरू झाली. छताकडे बघत मी हिशेब केला. एका दिवस-रात्रीत वीस मिनिटं बहात्तर वेळा येतात. त्यांतल्या एका वेळी मी उठू शकते. बाकीच्या एकाहत्तरांना दार ठोठावायला कोण येणार? शेजारीण माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे आणि तिला आता ऐकू कमी येतं.

मुलाला खोटं सांगितल्याबद्दल मी अजून माफ केलेलं नाही. पण त्यानं खरं सांगितलं असतं तरी काय झालं असतं, ते त्या दुपारी फरशीवर मी पाहिलं होतं. बारा वेळा जमिनीवरचं शिकवलं असतं तर जास्त वेळा उठले असते. प्रत्येक वेळी उठले असते असं नाही. आणि तिथं एकदाच चुकायला पुरतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीची किल्ली शोधत होता तेव्हा मी म्हणाले, "तिकीट काढू नकोस."

"का?"

"भीती वाटते."

हा शब्द मी त्याच्यासमोर याआधी कधी काढलेला नव्हता. त्याचा चेहरा सुटका झाल्यासारखा सैल पडला. तो त्यानं लगेच सावरला, पण मी पाहिलं. मला वाटलं होतं त्याला वाईट वाटेल. थोडं वाटलंही असेल. तो माझ्या खांद्याला हात लावून गेला आणि गॅरेजचं दार खाली आलं.

पाडव्याला शेजारणीला फोन केला. म्हणाले, सूप, कात्री आणि पानं कापायच्या मापाचा पत्रा घेऊन जा. पडून राहिलं तर सुपाला कीड लागेल. ती म्हणाली, "येत नाहीस होय?"

"नाही."

"मग पाट्याचं काय?"

"तोही ने."

"जड आहे, पोराला सांगते." मग विचारलं, "कंबर कशी आहे?"

"तीन." जमिनीवर उतरणं सोडल्यापासून आकडा परत खाली आला होता.

"तीन काय?"

"दहातले तीन."

"मग बरी आहेस की," ती म्हणाली. मी म्हणाले, हो, बरी आहे.

संध्याकाळी ऊन उतरलं की नात माझे बूट आणून ठेवते. इथल्या पार्कात तळं आहे, सिमेंटचं, पाणी नळाचं. त्याला एक फेरी मारायला आम्हाला वीस मिनिटं लागतात. फाइलमध्ये लिहिलंय तेवढीच. वाटेत ती इंग्रजीत बोलते, मी मराठीत बोलते. बाकावर ती बसते. मी बसत नाही. बसलं की उठणं आलं, म्हणून उभीच राहते.